हिवरदऱ्याचे बार्लो

हिवरदऱ्याचा तलाव बघायला येणारी मंडळी पाण्याकडे कमी आणि बार्लो आळीकडे जास्त बघतात. त्यांचा तरी काय दोष? उन्हात रापलेला, डोक्याला फेटा गुंडाळलेला म्हातारा ओट्यावर पान लावत बसलाय आणि त्याच्या दारावर पाटी आहे, 'मारुती भिकाजी बार्लो, गवंडी', म्हटल्यावर कुणाचीही मान वळणारच. अशी चौदा घरं आहेत. रेशनकार्डावर बार्लो, मतदार यादीत बार्लो, लग्नपत्रिकेवर 'समस्त बार्लो परिवाराचे आग्रहाचे निमंत्रण', आणि त्याच पत्रिकेच्या डोक्यावर 'श्री खंडोबा प्रसन्न'. पाहुणे आधी हसतात, मग हळूच विचारतात, की ही मंडळी ख्रिस्ती आहेत का? नाहीत. मग कुणा गोऱ्या साहेबाचा वंश? हा प्रश्न आळीत विचारू नये, पाहुणचार जरा वेगळ्या पद्धतीचा होतो. म्हणून गावातलं कुणीतरी जाणतं माणूस पाहुण्याला आधी तलावाच्या भिंतीवर नेतं, सावली बघून बसवतं आणि सगळं पहिल्यापासून सांगतं.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. मोठा दुष्काळ पडला होता आणि सरकारनं लोकांना काम द्यायचं म्हणून हा तलाव बांधायला काढला. माती उचलायला आसपासची माणसं होती, पण दगडाचं काम येरागबाळ्याचं नव्हे. त्यासाठी बेलदारांची एक टोळी आली. टोळी म्हणजे अकरा बिऱ्हाडं, वीसेक गाढवं आणि त्यांचा नाईक सटवाजी. बेलदार त्या काळी कुठल्याच गावाचे नसत. काम असेल तिथं पालं ठोकायची, काम संपलं की गाढवं लादायची. सटवाजीचा जन्म एका पुलाच्या कामावर झाला होता, लग्न एका किल्ल्याच्या डागडुजीवर. दगडावर कान ठेवून, हातोडीची एक टिचकी मारून तो आतली चीर सांगायचा म्हणे. आणि हे आपल्याला येतं याचा त्याला ताठाही भरपूर होता.

कामावरचा इंजिनियर होता बार्लोसाहेब. पन्नाशीचा, काटकुळा, उन्हानं नाकाची सालं निघालेला. मराठी बोलायचा, पण असं की ऐकणाऱ्यालाच घाम फुटावा. स्वभावानं महासंशयी. कुणी काम झालं म्हटलं की हा स्वतः जाऊन दगडांच्या सांध्यात बोटं घालून बघणार. सटवाजीला पहिल्या वर्षी त्याचा भयंकर राग यायचा. पण बोटं घालून घालून साहेबाला एकदाही खोट सापडली नाही. तिसऱ्या वर्षी साहेबानं सगळ्यांसमोर सांगितलं, "सटवाजी बोलला झालं, तर झालं. मी बघणार नाही." त्या दिवशी सटवाजी पालावर आला तो हवेतच. बायकोला, भिवराला, त्यानं ते वाक्य चारदा ऐकवलं.

दुपारच्या भाकरीला दोघं एका हिवराच्या झाडाखाली बसत. साहेब आपल्या डब्यातलं खाई, सटवाजी आपल्या फडक्यातलं, आणि बोलणं होई. एकदा सटवाजीनं विचारलं, बार्लो म्हणजे काय? साहेब म्हणाला, ते एका गावाचं नाव आहे. टेकडीवरचं, सातू पिकणारं गाव. त्याचा कुणी पूर्वज तिथून बाहेर पडला, तेव्हापासून लोक त्या घराण्याला बार्लो म्हणू लागले.

"म्हंजी आमच्यात सातारकर, कराडकर अस्त्यात तसं," सटवाजी म्हणाला.

"तसंच. तुझं गाव कोणतं?"

"आमाला गाव न्हाई साहेब. मग गावाचं नाव कुठनं येणार?"

साहेबानं डबा खाली ठेवला. मग म्हणाला, त्याची बायको या देशात तापानं गेली आणि एकुलता मुलगा सात वर्षांचा होऊन पटकीनं गेला. भाऊ नाही, पुतण्या नाही. "नाव आहे, पण माझ्यापाशी थांबणार. मी गेलो की बार्लो संपला." सटवाजीनं आपल्या भाकरीतली अर्धी मोडून साहेबापुढं ठेवली, आणि साहेबानं ती खाल्ली.

तलावाच्या भिंतीच्या पोटातून पाणी बाहेर काढायला तीन मोऱ्या होत्या, प्रत्येकीवर घडीव दगडाची कमान. कमानीची रीत अशी, की खाली लाकडी साचा आणि टेकू उभे करायचे, त्यावर दोन्ही अंगांनी दगड रचत यायचं आणि शेवटी माथ्यावर चावीचा दगड ठोकून बसवायचा. चावी बसली की सगळे दगड एकमेकांना आवळून धरतात आणि टेकूंची गरज उरत नाही. चावी नसेल तर ती कमान नव्हे, नुसती दगडांची रास. बार्लोसाहेबाचा एक शिरस्ता होता. टेकू ओढताना ज्यानं आराखडा काढला आणि ज्यानं दगड बसवले, त्या दोघांनी कमानीखाली उभं राहायचं. पहिल्या दोन मोऱ्यांच्या वेळी साहेब आणि सटवाजी असे शेजारी शेजारी उभे राहिले होते. बाहेरून मजुरांनी दोर लावून टेकू ओढले, कमान तसूभर हलली नाही आणि साहेबानं सटवाजीच्या पाठीवर थाप मारली.

तिसऱ्या मोरीच्या चाव्या अवसेच्या आदल्या दिवशी बसायच्या होत्या. कमान चांगली खोल होती, एकामागं एक सात चाव्या लागत. दोन्ही तोंडांच्या बसल्या आणि मधल्या पाच राहिल्या, कारण त्या ओळीनंच बसवायच्या आणि त्यातल्या पहिल्याच चावीचा दगड घडवताना फुटला. सटवाजीच्या हातचा दगड फुटला! नवा घडवेपर्यंत दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी अवस, आणि अवसेला बेलदार हत्याराला हात लावत नाहीत. त्या दिवशी छिन्नी, हातोडा, पहार सगळं धुऊन, हळदकुंकू लावून पालापुढं मांडून ठेवतात. ही रीत साहेबालाही ठाऊक होती आणि त्यानं ती कधी मोडायला लावली नव्हती.

अवसेच्या दुपारी साहेब पालापाशी आला. मांडलेल्या हत्यारांसमोर त्यानं टोपी काढली आणि विचारलं, "सटवाजी, काल चाव्या बसल्या?"

इथं सांगणारा जरा थांबतो. कारण गोष्ट एवढीच आहे. सटवाजीनं "न्हाई साहेब, दगड फुटला" म्हणायला हवं होतं. साहेब रागावलाही नसता. पण समोर टोळी होती, बायको होती, आणि सटवाजीचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द असं साहेबानंच चारचौघांत सांगितलेलं होतं. शिवाय टेकू निघायचे होते परवा, कलेक्टर काम बघायला येणार होता त्या दिवशी. उद्या उजाडताच पाच दगड बसवले की कोण विचारणार होतं? आपणही सगळे असंच करतो. पाहुणा विचारतो, गिऱ्हाईक विचारतं, साहेब विचारतो, आणि आपल्या तोंडून जे निघतं तेच सटवाजीच्या तोंडून निघालं.

"झालंच समजा, साहेब."

साहेब झालं असंच समजला. मान हलवून निघून गेला. कमानीवर उन्हासाठी ओलं गोणपाट पसरलेलं होतं आणि तोंडाचे दगड बसलेले होते, खालून माथा लाकडी साच्यानं झाकलेला होता, त्यामुळं बघणाऱ्याला काही कळण्यासारखं नव्हतं.

त्या संध्याकाळी निरोप आला, की कलेक्टर एक दिवस आधीच, म्हणजे दुसऱ्याच दिवशी दुपारी येतोय. साहेबानं ठरवलं, की सकाळीच टेकू काढून मोरी मोकळी करावी. शिपाई म्हणाला, बेलदारांना सांगून येतो. साहेब म्हणाला, नको, आज त्यांचा सण आहे, सकाळी येतीलच कामावर. असं सांगतात, आणि हे सांगताना आळीतली माणसं खाली बघतात.

सकाळी सटवाजी दोन गाढवांवर पाच चाव्या लादून निघाला. तलावाचा चढ चढून वर आला तर खाली तिसऱ्या मोरीपाशी मजूर जमलेले, दोर ताणलेले, टेकू एकेक करून बाहेर पडलेले. दोनच टेकू उरले होते. ते साहेबानंच ठेवायला लावले होते. "सटवाजी येऊ दे," असं तो मजुरांना म्हणाला होता, "मग शेवटचे काढू." आणि तो कमानीखाली एकटा उभा होता, शेजारी सटवाजीपुरती जागा सोडून.

सटवाजीनं गाढवं तिथंच सोडली आणि उतारावरून धावत सुटला. दोन्ही हात हलवत होता, ओरडत होता. पण मजुरांचा गलका होता, वारा उलटा होता. साहेबानं त्याला पाहिलं. त्याला वाटलं, गडी आपली जागा चुकू नये म्हणून पळत येतोय. तो हसला, म्हणे. त्यानं हात वर करून सटवाजीला ये म्हणून खुणावलं आणि मजुरांना सांगितलं, "आला. ओढा."

सटवाजी तीस पावलांवर होता.

दगड उपसायला दुपार झाली. कलेक्टर आला तेव्हा साहेब घोंगडीवर होता. तलावाच्या कडेला त्याला पुरलं. तोवर सटवाजीनं एक काम केलं होतं. गर्दीची नजर चुकवून तो परत वर गेला, गाढवं वळवली आणि ते पाच दगड जुन्या खाणीच्या खड्ड्यात ढकलून दिले. का केलं हे त्याला त्या वेळीही सांगता आलं नसतं. माणूस घाबरला की हातच आधी चालतात.

चौकशीला वरून एक अधिकारी आला. त्यानं सटवाजीला विचारलं, "काम पुरं झालं होतं का?" सटवाजी म्हणाला, "व्हय." टोळीतल्या एकूण एक माणसाला खरं काय ते ठाऊक होतं, पण नाईकाच्या वर बोलायची त्यांच्यात रीत नव्हती. अधिकाऱ्यानं कागदावर लिहिलं, की बार्लोसाहेबाचा आराखडाच चुकीचा होता, कमान फार पातळ धरली, आणि तो स्वतःच्याच चुकीनं मेला. झालं. माणूस गेला, नाव संपलं, आणि संपता संपता त्याला बट्टाही लागला.

भिवरानं मात्र सकाळी दगड लादलेली गाढवं पाहिली होती आणि रिकामी गाढवं परत आलेलीही. ती आठ दिवस काही बोलली नाही. नवव्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "त्यो मानूस तुमची अर्धी भाकर खाऊन गेलाय. सांगा जाऊन."

"सांगून त्यो उठणाराय का?"

"न्हाई उठायचा. पर तुमाला तरी घास गिळंल."

सटवाजीनं ताट सारलं. पुढं चार महिने तो असाच अर्धपोटी राहिला. हिवराखाली बसायचं त्यानं सोडलं. कुणी मागून हाक मारली तरी दचकायचा. दगडावर कान ठेवायचा आणि त्याला काहीच ऐकू यायचं नाही, असं तो पुढं आपल्या मुलाला सांगायचा.

मग नवा साहेब आला. तरुण, घाईचा. त्यानं चौकशीचा कागद वाचला आणि हुकूम सोडला, की त्याच आराखड्यावरच्या पहिल्या दोन कमानीही धोक्याच्या, त्या पाडा. पाडायचं काम अर्थातच बेलदारांना. सटवाजी पहार घेऊन पहिल्या मोरीवर उभा राहिला. खाली तीच कमान, जिच्याखाली तो आणि साहेब शेजारी उभे राहिले होते. तिच्यात खोट नव्हती. तिच्यावरून उद्या हत्ती गेले असते. त्यानं पहार उचलली आणि ती त्याच्या हातात वरच राहिली. खाली येईना. नवा साहेब ओरडला. तेव्हा सटवाजीनं पहार बाजूला ठेवली, भिंतीवरून खाली उतरला आणि साहेबापुढं गुडघ्यावर बसला.

"नकाशात चूक न्हवती साहेब. पाच चाव्या बसल्याच न्हवत्या. म्या झालं म्हनालो. म्या मारला त्याला."

नव्या साहेबाला ते खरं वाटेना. सटवाजी त्याला खाणीच्या खड्ड्यापाशी घेऊन गेला आणि कमरेएवढ्या गाळात उतरून पाचही दगड एकेक करून वर काढले. चार महिन्यांत आत जे काही साठलं होतं ते सगळं त्या वेळी बाहेर आलं. तो रडत होता आणि दगड धूत होता. टोळीही मग पुढं आली आणि एकेकानं सांगितलं, की नाईक म्हणतो ते खरं आहे. साहेबानं दगड मोजून, मापून पाहिले. त्या दोन कमानी वाचल्या. पण कागदाचं काय, असं सटवाजीनं विचारल्यावर नवा साहेब म्हणाला, कागद वर गेला, मिटला, आता कोण उघडणार? मेलेल्या माणसाच्या मागं कुणी नाही, मग कुणासाठी उघडायचा? आणि सटवाजीला म्हणाला, "जा, कामाला लाग."

सटवाजीनं शिक्षेची तयारी ठेवली होती. बेड्या पडतील, काळ्या पाण्यावर जाऊ, असं भिवराला सांगून ठेवलं होतं. आणि त्याला म्हणे कामाला लाग! एवढ्या मोठ्या गुन्ह्याला कुणी साधी थोबाडीतही मारली नाही. ते त्याला सोसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू होती. कारकुनानं पुकारलं, "सटवाजी बेलदार."

उत्तर नाही. समोर उभा, पण उत्तर नाही.

"अरे, बहिरा झालास का?"

"सटवाजी बार्लो लिवा."

कारकून आधी हसला, मग चिडला, मग त्यानं गैरहजेरी मांडली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी कारकून म्हणाला, "बाबा रे, त्या मेलेल्या माणसाचं नाव लावून तुला काय मिळणार?"

"मला काय मिळायचं न्हाई," सटवाजी म्हणाला. "त्याचं नाव त्याच्यापाशी थांबणार हुतं. पर ते म्या थांबवलं, आन वर काळं फासलं. आता त्या नावाला कुनी शिव्या दिल्या तर त्या माझ्या दारात येऊ देत."

कारकुनानं लिहिलं. तलावाच्या सरकारी कागदावर ते आडनाव असं दुसऱ्यांदा चढलं.

पण बेलदारांचे पंच गप्प बसणारे नव्हते. परक्या माणसाचं नाव लावून कुळाला बट्टा लावला, म्हणून त्यांनी त्याच्याशी रोटी-बेटी बंद केली. नाव सोड, नाहीतर टोळी सोड. काम संपल्यावर टोळीनं पालं उचलली, गाढवं लादली आणि हिवरदरा सोडला. मागं एकच पाल राहिलं. पिढ्यान्‌पिढ्या कुठल्याच गावाचे नसलेल्या बेलदारांपैकी सटवाजी आणि भिवरा असे एका गावचे झाले. पुढं टोळीतली आणखी दोन बिऱ्हाडं परत आली. चौकशीत आपणही गप्प होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनीही तेच आडनाव लावलं. आजची चौदा घरं त्या तीन बिऱ्हाडांची.

तिसरी कमान सटवाजीनं पुन्हा बांधली. आराखडा तोच, बार्लोसाहेबाचा, एक बोटही जाडी न वाढवता. चाव्याही त्याच. टेकू काढायच्या दिवशी तो खाली उभा राहिला, आणि उभं राहताना डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडली. कमान हलली नाही. जमलेल्या लोकांनी आनंदानं आरोळी ठोकली, पण सटवाजी बराच वेळ बाहेर आला नाही. शेवटी भिवरानं आत जाऊन त्याला हाताला धरून आणलं.

पुढं तो खूप जगला. जवळच्या पाच गावांतल्या विहिरी, देवळांचे ओटे, शाळेच्या पायऱ्या, सगळं त्याच्या हातचं. सुनेला घरात आणायच्या आधी तिच्या बापाला बोलावून हे आडनाव कुठून आलं ते तो स्वतः सांगायचा, आणि एवढं ऐकून नको वाटत असेल तर परत जा म्हणायचा. नातवंडं शाळेत जाऊ लागली, कुणी नावावरून चिडवलं की रडत घरी यायची. तो त्यांना मांडीवर घ्यायचा, पण नाव बदलू द्यायचा नाही.

शेवटच्या दुखण्यात पंच मंडळीही त्याला भेटायला आली. त्यांनी वाळीत टाकणं मागं घेतलं, ती त्याच्या हातचं पाणीही प्यायली. ती गेल्यावर मुलगा भिकाजी उशाशी बसून म्हणाला, "आबा, आता मनाला लावून घिऊ नगा. चाळीस वरसं त्याचं नाव चालवलं, कमान उभी केली, पंचांनीबी पदरात घेतलं. पराश्चित झालं आता."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. "झालं म्हनू नगंस," तो म्हणाला. "बघाया साहेब न्हाई."

ते त्याचे शेवटचे शब्द.

असं हे आडनाव. आजही बार्लो आळीतल्या कुठल्याही गवंड्याला विचारा, काम झालं का? तो हो म्हणत नाही. "चला, बघा," म्हणतो, आणि तुम्ही सगळ्या सांध्यांतून बोटं फिरवून मान हलवेपर्यंत आपली हत्यारं पिशवीत भरत नाही.